आंबापाठचे बेचाळीस नळ

दत्ताजी मिस्त्रींनी शेवटच्या नाल्याशी गाडी उभी केली, पान्यांची थैली खांद्यावर टाकली आणि उरलेले तीन किलोमीटर पायी चढू लागले. आंबापाठचा रस्ता बावीस वर्षांपासून मंजूर होता. तो मंजूर झाला तेव्हा दत्ताजी छत्तीसचे होते आणि हा चढ बोलत बोलत चढायचे. आता बोलणं राहिलंच, उजवा गुडघा तेवढा कुरकुरायचा.

त्यांचं घर खाली सतवासला. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तोफगाडे दुरुस्त करायला माळव्यात आले आणि इथलेच झाले. तोफा गेल्या, पण हातातलं लोखंड सुटलं नाही. दत्ताजी डोंगरातल्या गावांचे सरकारी हातपंप सांभाळायचे. नोकरी कंत्राटी, दर जूनमध्ये नवा कागद. एकतीस वर्षांत त्यांनी सरकारचा एक वायसरसुद्धा घरी नेला नव्हता आणि हे ते जरा जास्तच वेळा सांगायचे, असं त्यांची बायको पार्वती म्हणे.

वर पोचले तेव्हा रेमलीबाई पंप मारत होती. घरातली कर्ती बाई, नवरा गेलेला, मुलगा गुलसिंग पीथमपूरला कारखान्यात. साठ वेळा दांडा हलवला तेव्हा घागरीच्या तळाशी पाणी दिसलं.

"असं कधीपासून?"

"होळीपासून. निरोप तीन वेळा पाठवला, मिस्त्रीजी."

दत्ताजींनी चार जण हाताशी घेऊन पंप उघडला, पाइप वर ओढले आणि बघून कपाळावर हात मारला. आठच्या आठ पाइप गंजून चाळणी झालेले. खाली पाणी होतं, पण वर येता येता अर्ध्या वाटेत परत बोअरमध्ये पडत होतं.

खरं म्हणजे गावाला आता पंपाची गरजच नसायला हवी होती. प्रत्येक दारासमोर सिमेंटचा ओटा, त्यावर नळ, नळावर रंगाने घातलेला नंबर. एक ते बेचाळीस. उद्घाटनाच्या दिवशी टाकीत टँकरचं पाणी ओतलं होतं, नाल्यापर्यंत ट्रॅक्टरने आणि तिथून हंडे डोक्यावर घेऊन. ते दुपारपर्यंत पुरलं. नळ योजनेची बोअर कोरडी निघाली होती, हे ठेकेदाराला आधीच ठाऊक होतं. आता सात नंबरच्या नळाला रेमलीबाईची शेळी बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशी दत्ताजी पाइप मागायला खात्याच्या स्टोअरमध्ये गेले. तिथला बाबू पीयूष त्यांच्याच नात्यातला, मराठी बोलायचा पण वाचताना अडखळायचा. त्याने कॉम्प्युटरवर गाव शोधलं.

"काका, आंबापाठ तर हिरवं दाखवतंय. नल-जल योजना पूर्ण. तिथला हँडपंप सिस्टममधून निघून गेला."

"पंप तिथेच आहे. मी काल खोलून आलो."

"तुम्ही खोलला असेल, पण सिस्टममध्ये नाहीये ना. जो पंप नाहीच, त्याचे पाइप मी कसे इश्यू करू?"

"अरे भिया, नळाला पाणी नाही. लोक खाली झिरीवर जातात, खडकातून झिरपतं तेवढं भरायला, अर्धा तास उतरून."

"मग पंचायतीकडून लिहून आणा, की पाणी येत नाही."

दत्ताजी पंचायतीत गेले. सरपंचांनी पाणी येतं म्हणून आधीच सही दिली होती. आता उलट लिहिलं तर पहिली सही खोटी ठरेल, असं ते म्हणाले आणि चहा मागवला. दत्ताजींनी चहा घेतला नाही. तिथून ते ब्लॉकच्या कचेरीत गेले, तिथे अर्ज ऑनलाइन करायला सांगितलं. ऑनलाइन अर्जात गाव निवडलं की खाली एकच खूण करता यायची: 'सेवेबद्दल समाधानी'. घरी येऊन त्यांनी पार्वतीला हे दोनदा सांगितलं. तिला वाटलं, नवरा काही तरी चुकीचं दाबत असेल. तिने स्वतः करून बघितलं आणि फोन उलटा ठेवून दिला.

"आता काय करणार?" तिने विचारलं.

"काय करू? माझंच डोकं आपटायचं राहिलंय."

पण आठवड्याने ते परत वर गेले, तेव्हा थैलीत पाइपाला आटे पाडायची डाय होती. योजनेच्या बोअरपासून टाकीपर्यंत खडक लागला होता, म्हणून ठेकेदाराने तेवढ्या भागात सव्वा इंची लोखंडी पाइप जमिनीवरूनच टाकला होता. पंपाला लागतो तोच. नवाकोरा, आत थेंब न गेलेला. दत्ताजी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. एकतीस वर्षांचा नेम मोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"सरकारी आहे," ते रेमलीबाईला म्हणाले.

"आम्ही कोणाचे आहोत मग?" ती म्हणाली आणि पाइपाचं दुसरं टोक उचललं.

दोन दिवस लागले. पाइप कापले, आटे पाडले, एकाला एक जोडून आत सोडले. दांडा सातव्यांदा मारला तेव्हा धार आली. घागरींची रांग लागली.

पंधरा दिवसांनी नोटीस आली: चालू योजनेचा पाइप काढून शासकीय मालमत्तेचं नुकसान. चौकशीला एक इंजिनिअर साहेब आले.

"चालू योजनेचा पाइप काढला, तर पाणी कुठे सांडलं ते दाखवा," दत्ताजी म्हणाले.

साहेबांनी कोरड्या बोअरमध्ये खडा टाकला आणि कान लावला. खडा वाजला, पाणी नाही. खाली उतरून त्यांनी सावलीत बसून अहवाल लिहिला, की पाइप अज्ञात व्यक्तींनी नेला.

"अज्ञात कशाला? मी नेला. का नेला तेही लिहा."

"ते लिहिलं तर योजना बंद होती असं लिहावं लागेल, मिस्त्री. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. सही करा, मोकळे व्हा."

दत्ताजींनी सही केली नाही. नोटीस मागे घेतली गेली नाही आणि पुढेही सरकली नाही. जूनमध्ये नवा कागद मात्र आला नाही. पीयूषने फोनवर सांगितलं, "काका, सिस्टमने तुमचं नाव उचललंच नाही."

तरी पावसाळ्यानंतर ते वर गेले, पंपाला ग्रीस लावायला. रेमलीबाईने सांगितलं, गुलसिंगचं जमलं. पाण्यावाचून या गावात कोणी मुलगी देत नव्हतं. मुलीकडच्यांनी पंप मारून बघितला. नळ चालतात का विचारलं, तेव्हा तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. तरी ते हो म्हणाले.

"बरं झालं. सून पाणी भरेल आता."

"ते दोघं पीथमपूरलाच राहणार. इथे शाळा नाही, दवाखाना नाही, असं मुलीच्या बापाचं म्हणणं."

दत्ताजी ग्रीसचा हात पुसत थांबले. "मग एवढं करून मी पाइप बसवले कोणासाठी?"

"मी तर इथेच आहे ना," रेमलीबाई म्हणाली, आणि त्यांना बाजूला व्हायला सांगून तिने दांडा हातात घेतला.