नागपंचमीला कोरलेला पंखा

नमस्कार मंडळी,

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसतो. माझं सगळं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. तिथं गेजचा काटा दाखवेल तेवढंच खरं, बाकीच्या गप्पा... त्यामुळे मी असलं काही लिहायला बसेन असं कुणी म्हणालं असतं, तर त्यालाही हसलो असतो.

पण मागच्या महिन्यात एका ओळखीच्या अधिकाऱ्यानं मला नौदलाची नवी फ्रिगेट आतून दाखवली. क्षेपणास्त्रं, मागच्या डेकवर हेलिकॉप्टर, लांबवरच्या पाणबुडीचा माग काढणारं सोनार... आणि इंजिनं तर थंडगार खोलीत बसून पडद्यावर बघत चालवायची! त्यानं अभिमानानं सगळं दाखवलं आणि मी विचारलं, "तळातलं पाणी उपसायचा पंप कुठाय?" म्हाताऱ्याला नेमकं हेच कसं सुचलं, असं त्याला वाटलं असणार. त्याला सांगितलं नाही ते इथं सांगतो.

गोष्ट पन्नासच्या दशकाच्या मध्यावरची. आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीच्या मागच्या अंगाला. आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न करायचे. पॅटर्न म्हणजे लाकडात कोरलेला नमुना. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात धातूचा रस ओतायचा. रस थंड झाला की आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नवाल्याकडे वेगळी पट्टी असते, तिच्यातला इंचच मुळी वाढीव असतो. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पट्टी वेगळी, पितळेची वेगळी, कारण पितळ जास्त आकसतं. हे तेवढं लक्षात ठेवा.

मी एकुलता एक. आप्पांचा हात माझ्या हातात उतरायचा होता. मी मात्र सतराव्या वर्षी नेव्हीत पळालो. आप्पा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त बोलायचे थांबले. सात वर्षं! दरवर्षी मी दिवाळीला रजेवर यायचो, आम्ही दोघं शेजारी बसून जेवायचो आणि "मीठ वाढ त्याला" हे आप्पा आईला सांगायचे. मला ते फार लागायचं. पण हट्टी आम्ही दोघंही.

आमची फ्रिगेट इंग्रजांनी युद्धात बांधलेली. चार इंची तोफा, पाणबुडीवर टाकायचे सुरुंग, पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र, वाफेवरची इंजिनं. त्या काळात आम्हाला ती नवीनच वाटायची. पण पोटात पाणी शिरलं की असल्या जहाजाचा सगळा रुबाब संपतो. पाणी बॉयलरच्या आगीपर्यंत चढलं की वाफ गेली. वाफ गेली की इंजिन, वीज, सुकाणू सगळं गेलं.

श्रावणात आम्ही कोचीनहून मुंबईला निघालो होतो. समुद्र पिसाळलेला. सकाळी साताऱ्याकडचा आमचा आचारी कुरकुरत होता, "आज पंचमी, आन् मला तवा चढवाय लागतोय." म्हणून तो नागपंचमीचा दिवस होता हे माझ्या पक्कं लक्षात आहे.

नऊच्या सुमाराला इंजिनरूममध्ये समुद्राच्या पाण्याची एक नळी जोडातून फाटली. आम्ही ती कशीबशी आवळली, तरी गळत राहिली आणि पाणी गुडघ्यापर्यंत आलं. उपसायचा पंप लावला तर तो गदागदा हलायला लागला. उघडून बघितलं. पाणी ओढणारा त्याचा पंखा सात पात्यांचा, त्यातली तीन पाती तुटलेली. सुट्या भागांच्या पेटीत पंखा निघाला तो दुसऱ्याच पंपाचा. उजव्या हाताला कोकणचा कातळी किनारा... इंजिनरूमचे आमचे चीफ तो दुसऱ्या पंपाचा पंखाच पुन्हा पुन्हा लावून बघत होते. आप्पांशी न बोलताच आपण जाणार, असं मला स्वच्छ वाटलं.

इलाज नव्हता म्हणून तुटका पंखाच परत बसवला. पंप इतका हादरत होता की त्याचे बोल्ट मी पान्यानं धरून बसलो होतो. आम्ही बादल्यांनीही पाणी काढत होतो. आणि तीन वाजता, वॉच, म्हणजे आमची पाळी, बदलायच्या आधी तासभर, पंपाचं हादरणं थांबलं. हळूहळू नव्हे, एकदम. नव्या पंपासारखा सरळ चालू लागला, आणि मुंबई येईपर्यंत तसाच चालला.

मुंबईत पंप उघडला. तीन पाती तुटलेलीच! इंजिनिअर साहेबांनी तो तुकडा हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "हा चालला कसा?" चीफ म्हणाले, "नशीब." नवीन मागवायला मापं मीच घेतली. व्यास सव्वाआठ इंच, सात पाती, डावीकडे वळलेली. धातू पितळेच्या जातीचा. जहाजावरची गोष्ट बाहेर लिहायची नसते, त्यामुळे घरच्या पत्रात एवढंच लिहिलं, "मी खुशाल आहे."

दिवाळीत घरी आलो. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आरं, तुझ्या आप्पास्नी पंचमीदिशी काय झालंतं कुणास ठावं. सकाळधरनं पटाशी घिऊन बसले. मी म्हटलं, अवो, आज चिरायचं न्हाय, कापायचं न्हाय. मी तवा सुदिक ठेवला न्हाय, पुरणाची दिंडं उकडल्यात. तर बगीतलंबी न्हाय माझ्याकडं! गल्लीतल्या बायका वारुळाला निघालेल्या, त्यांनी समद्यांनी बगीतलं. मला रातभर झोप न्हाय बग."

मला नवल वाटलं. नागपंचमीला हत्याराला हात न लावणारा माणूस तो. आदल्या संध्याकाळीच सगळी हत्यारं फडक्यात बांधून ठेवायचा.

"काय केलं त्यांनी?"

"काय तर पंख्यावानी. माळ्यावर हाय."

आप्पा बाहेर गेले होते. मी तो काढला. सागवानाचा पंखा. पाती मोजली, सात. डावीकडे वळलेली. आप्पांच्या फौंड्रीत होणारे विहिरीच्या पंपांचे पंखे मी लहानपणापासून बघितलेले, त्यात असला एकही नव्हता. परत मोजली, सातच. मग मी स्वतःला दटावलं, की योगायोग असेल, माप घे. भिंतीवरची आप्पांची पट्टी काढून लावली. सव्वाआठपेक्षा थोडं जास्त भरलं. चुकलं! खरंच सांगतो, मला हायसं वाटलं.

"ती बिडाची पट्टी हाय. पितळंची घे."

दारात आप्पा उभे होते. सात वर्षांतलं त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

मी दुसरी पट्टी लावली. सव्वाआठ. बरोब्बर रेघेवर.

मी पट्टी खाली ठेवली. कसंबसं म्हटलं, "आप्पा, हिरीच्या पंपाला पितळी पंखा कोण घालतंय?"

"हिरीच्या कशाला? तुझ्या जहाजात खारं पाणी असतंय न्हवं? बिडाचा किती दीस टिकंल?"

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुनी न्हाय. हात थांबंना, म्हणून करत बसलो. तीनला शेवटचं पातं बसलं, मग थांबला." ते चप्पल काढून आत आले. "जेवलायस का?"

मी तिथंच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आईला वाटलं, भांडण झालं.

मी पुष्कळ डोकं लढवलं. आप्पांनी कुठल्या कॅटलॉगात तसला पंखा बघितला असेल? फौंड्रीत कुणी चित्र आणलं असेल? मी विचारून आलो, तसलं काही नव्हतं. आणि बघितला असता, तरी त्याच दिवशी का? आणि तीन पाती तुटलेली असताना तो पंप कसा चालला? नोकरी संपेपर्यंत शेकडो पंप उघडले, कितीतरी इंजिनिअरांना विचारलं. उत्तर मिळालं नाही. आता मिळेल असं वाटतही नाही.

तो पॅटर्न अजून माझ्याकडे आहे. आप्पा थकल्यावर एकदा मी म्हणालो होतो, फौंड्रीत देऊन याच्यावरून एक पंखा ओतून घेऊ या, आठवण म्हणून. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पात्यांवरनं अंगठा फिरवला आणि परत दिला.

"आता कशाला?" म्हणाले. "काम झालंय की त्याचं."