एका मिशीवाल्या पिचरसाठी

बेसबॉलची कार्डं जमवणारे बहुतेक जण नामांकित खेळाडूंच्या मागे असतात. मला संच पूर्ण करायचा होता. एका हंगामाच्या संचात सातशेच्या वर कार्डं असत आणि त्यांतली बहुतेक ‘कॉमन’, म्हणजे कुणालाच नको असलेल्या साध्या खेळाडूंची. अमेरिकेत ॲन आर्बरला लॅबमध्ये नोकरी करत असताना, ऐंशीच्या दशकात, मी आठवड्याचा किराणा आणताना च्युइंगगमबरोबर येणाऱ्या या कार्डांची दोन-तीन पाकिटं टोपलीत टाकायचे. नियम एकच: कार्ड पाकिटातून निघालं पाहिजे, नाहीतर बदलीत मिळालं पाहिजे. सुटं विकत घ्यायचं नाही. विकतच घ्यायचं तर दुकानात आख्खा संच तयार मिळतो. मग त्यात मी काय केलं?

एका जानेवारीत फक्त एक कार्ड राहिलं, कुठल्याशा संघातल्या राखीव पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं. नव्या हंगामाची पाकिटं आली की जुनी मिळत नाहीत, त्यामुळे हातात थोडेच आठवडे होते. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे ठरलं होतं. प्लॅस्टिकचे डबे देऊन मी कंटाळले होते. दुकानात उरलेली सगळी पाकिटं उचलली आणि तिळगुळाबरोबर प्रत्येकीला एकेक वाण म्हणून दिलं.

“हे काय गं, च्युइंगगम?”

“गम तुमचा. कार्डं आधी मला दाखवायची.”

“वाण देऊन झडती घेणारी पहिलीच बाई बघितली यार,” माझी मैत्रीण म्हणाली.

पाकिटं फुटली. गालिच्यावर कागदच कागद. आणि माझा पिचर निघाला मैत्रिणीच्या सासूबाईंच्या पाकिटातून. त्या सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

“मावशी, हाच! द्या इकडे.”

“का म्हणून? दिलेलं वाण कुणी परत घेतं का?” त्यांनी कार्ड नाकाजवळ धरलं. “आणि हा तर हुबेहूब आमचा दादा.”

“आई, मिशी सोडली तर मामांचं काय आहे यात?” मैत्रीण म्हणाली.

“मान बघ. दादाचीच हट्टी मान.” कार्ड त्यांच्या पर्समध्ये गेलं. मार्चमध्ये ते त्यांच्याबरोबर सांगलीला जाणार होतं.

मावशींना गळ घालण्यात अर्थ नव्हता. वाण परत मागणं चूक होतं, हे मलाही मान्य होतं. पण बदली माझ्या नियमात बसत होती. पुढच्या शनिवारी मी माझ्याकडच्या दुबार कार्डांनी भरलेले बुटांचे दोन खोके गाडीत टाकले आणि मैत्रिणीकडे गेले.

“मावशी, परत नको. बदली करू. यात दादांसारखं आणखी कुणी सापडतंय का बघा.”

त्या काळी निम्म्या खेळाडूंना मिशा होत्या, ही माझी जमेची बाजू. मावशींनी चष्मा लावला आणि जेवणाच्या टेबलावर कार्डं मांडायला घेतली. तासभर मी फक्त पुढे सरकवत होते.

“हा बघ, लग्नातला दादा. हा टायफॉइडनंतरचा. गालफडं कशी बसलीत!”

“आणि हा?” मैत्रिणीने एका गलेलठ्ठ कॅचरवर बोट ठेवलं.

“तो तुझा सासरा.”

शेवटी त्यांनी तीन दादा बाजूला काढले. एकाला तीन, असं मी लगेच कबूल केलं. घासाघीस करत बसले असते तर त्यांनी चौथा मागितला असता. मग त्यांनी पर्समधून माझा पिचर काढला, तिघांच्या शेजारी ठेवला आणि बराच वेळ बघितलं.

“छे,” त्या म्हणाल्या, “याचे कान केवढे! हा कसला दादा? घेऊन जा.”

घरी आल्यावर मी तो त्याच्या क्रमांकाच्या कप्प्यात सरकवला. कोपऱ्यावर मावशींचं हळदीचं बोट उमटलं होतं. कोरी करकरीत कार्डं जमवणारा माणूस अशा कार्डाला हात लावणार नाही. मला संच पुरा करायचा होता, तो पुरा झाला.