तळहातावरचं काळं

"मावशी, डोळ्याच्या पडद्यात मधोमध पाणी झालंय," लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मॅक्युलर डिजनरेशन. म्हणजे ज्या जागेनं आपण समोरचं बारीक बघतो, तीच जागा खराब होते. माझा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. सगळी भिस्त डाव्यावर, आणि नेमका तोच!

दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सुरू झालं. डोळ्यात सुई म्हणल्यावर तुम्ही घाबरताल, पण भूल देतात, लई दुखत न्हाई. बाहेर बाकड्यावर वाट बघत बसणंच जीव खातं. वाकडी दिसणारी दाराची चौकट सरळ झाली, तसा मला हुरूप आला.

पुढच्या स्कॅनला बाई म्हणाल्या, "पडद्याखाली थोडं पाणी उरलंय. तेवढं कधीकधी चालतं. पण पडद्याच्या आत शिरलं तर नजरेला धोका. मधोमध काळं दिसतं का?"

"अजाबात न्हाई," मी ठणकावलं. आम्ही लिंगायत. गळ्यात वस्त्रात बांधलेलं इष्टलिंग, म्हणजे महादेवाचं बारकं काळं लिंग, रोज सकाळी सोडून तळहातावर घ्यायचं आणि एकटक बघायचं, ही जन्माची सवय. ते तर मला काळंभोर दिसत होतं. याच्याहून मोठी परीक्षा कोणती? दवाखान्यातल्या तक्त्यावरची अक्षरं मात्र मान तिरकी केल्यावरच लागायची. त्याचं खापर मी चष्म्यावर फोडलं.

एका सकाळी पूजेला बसले, तळहाताला विभूती लावली, नजर लावली. लिंग दिसलं. मंत्र सुरू केला, तर शेजारून आमचे हे म्हणाले, "अगं, लिंग अजून वस्त्रातच हाय की!"

हातावर पांढऱ्या विभूतीशिवाय काहीच नव्हतं. दिसत होतं ते काळं माझ्या डोळ्यातलंच होतं. मग इतके दिवस मी कुणाकडं बघून मंत्र म्हणत होते? मला रडूच आवरेना.

त्याच दिवशी स्कॅन केला. पाणी पडद्याच्या आत शिरलं होतं. बाई म्हणाल्या, "आता सुया लवकर लवकर घेऊ. पाणी हटेल, पण गेलेली नजर सगळी परत येईल असं सांगत नाही."

यांनी टोकलं म्हणून कळलं तरी, न्हाईतर आंधळी होईस्तोवर मी खुशीतच राहिले असते. तुम्हाला हा आजार असंल तर नजर पांढऱ्या, मोकळ्या जागेवर तपासा. आवडीच्या गोष्टीवर तपासू नका.

आता मी आधी रिकामा तळहात बघते. काळं अजून हाय, हरभऱ्याएवढं. त्याला म्हणते, तू महादेव न्हाईस बाबा. मग लिंग हातावर घेते, डोळे मिटून.