मांडवाचं छत

मावशींच्या घराला मागच्या बाजूला एक लाकडी काचखोली आहे. इकडे तिला कन्झर्व्हेटरी म्हणतात, पण मावशी काचखोली म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो. खाली विटांचा बुटका कठडा, तिन्ही बाजूंनी काचा आणि वर लाकडी चौकटींत बसवलेला पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा. मावशींच्या मिस्टरांनी सुट्टीच्या दिवसांत थोडी थोडी करत ती स्वतः बांधली. ते आता नाहीत.

मी मावशींकडे मागच्या खोलीत राहतो. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. आठवीतून शाळा सुटली, मग मिळेल ते काम करत करत लंडनच्या या टोकापर्यंत येऊन पोचलो. मावशी भेटल्या बस स्टॉपवर. मी आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तशी शेजारी बसलेल्या पांढऱ्या केसांच्या, जाड कोटातल्या बाईने विचारलं, "अलिबागचा की पेणचा रे तू?" मी असा दचकलो की गावाचं नाव, घराची खूण, सगळंच सांगून टाकलं.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. आमच्याकडे या लोकांना शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून. मावशी वाढल्या मुंबईत, लग्न होऊन तरुणपणीच इकडे आल्या. त्यांच्या बरोबरीच्या मराठी बोलणाऱ्या बायका आता फारशा उरलेल्या नाहीत. मला खोली देताना त्यांनी दोनच अटी घातल्या. मटणाची आणि दुधाची भांडी एकमेकांत मिसळायची नाहीत, आणि रोज बसून थोडं मराठी बोलायचं.

पहिल्या हिवाळ्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहासुद्धा भीत भीत करायचो. आज चुकीचा चमचा उचलला तर उद्या आपलं सामान उचलावं लागेल, असं वाटायचं. त्या म्हणायच्या, "अरे चमचा आहे तो, फुरसं नाही." तरी माझी भीती जायची नाही. त्याआधी मी ज्या खोलीत राहायचो तिथे झोपायला गादीची पाळी लागायची. आता स्वतःची खिडकी होती, आणि कामावरून यायला उशीर झाला तर ताट झाकून ठेवणारं माणूस होतं. मी या बाईंसाठी काय करू, हे मला सुचत नव्हतं.

वसंतात त्यांचा बेखमीर भाकरीचा सण येतो. त्या सणाला मावशी मुलाकडे ब्रिस्टलला गेल्या, आणि मला ते सुचलं.

काचखोली गळत होती. पाऊस आला की मावशी खुर्ची सरकवून बादली ठेवायच्या. मी कोकणातला. पावसाच्या आधी घर शाकारायचं, फटी बुजवायच्या, एक थेंब आत येऊ द्यायचा नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. कामावरून आलो की मी शिडी लावायचो. जुना रंग पॉलिशपेपरने घासला, प्रायमर मारला, खिडकीखालची कुजलेली जागा खरवडून फिलर भरला. छताकडे पाहिलं तर तिथे दोन मोठ्या चौकटी नुसत्या टेकवून ठेवल्यासारख्या होत्या, कडेने बोटभर फट. बिजागऱ्या गंजलेल्या. मागच्या भिंतीवर एक कप्पी आणि तिच्यातून लोंबणारी जुनाट दोरी. कपडे वाळत घालायची असेल, असं समजून मी ती कापून टाकली. चौकटी स्क्रूने आवळल्या, फटींत सिलिकॉन भरलं, बिजागऱ्यांवरसुद्धा. शेडमध्ये छान रंधा मारलेल्या पातळ लाकडी पट्ट्यांचा एक भारा होता. त्यातल्या काही घेऊन फटींवर ठोकल्या, आणि सगळ्या लाकडावर पांढरा रंग दिला. नंतर दोन दिवस धो धो पाऊस पडला आणि बादली कोरडी राहिली. बादली कोरडी पाहून मला जो आनंद झाला, तसा पगाराच्या दिवशीही होत नाही.

मावशी आल्या. मी त्यांना काचखोलीत नेलं. त्यांनी आधी खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला, मग वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

"गळत नाही ना आता?"

"थेंब नाही, मावशी."

"छान केलंस रे," त्या म्हणाल्या. "हात दुखले असतील. बस, चहा ठेवते."

सगळा उन्हाळा त्या तिथे बसल्या. मटार सोलायच्या, रेडिओ ऐकायच्या, माझी वाट पाहायच्या. मी आलो की एकदा वर बघायचो आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घ्यायचो.

उन्हाळा सरत आला तेव्हा मावशींच्या मुलाचा फोन आला. ते वयाने माझ्याहून मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. विमानाच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. मराठी समजतं, पण बोलताना शब्द शोधावे लागतात. फोन मी उचलला होता. मावशींना बोलावणार, तेवढ्यात ते म्हणाले, "नको, तुझ्याशीच बोलायचा आहे. मम्मी ठीक आहे ना? ती सांगते, या वर्षी मांडव नको. असा कधी म्हणत नाही ती. डॅडी गेले त्या वर्षी पण केली होती."

"कसला मांडव?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. शरद ऋतूत त्यांचा मांडवाचा सण असतो. उघड्या आभाळाखाली मांडव घालायचा, वर झाडाच्या फांद्या टाकायच्या, आणि आठवडाभर त्यात जेवायचं. छप्पर असं हवं की त्यातून आकाश दिसेल. पक्क्या छताखाली मांडव होत नाही. इथल्या थंडीत अंगणात बसवत नाही, म्हणून डॅडींनी ही काचखोलीच तशी बांधली. दोरी ओढली की छताच्या दोन्ही झडपा वर उचलल्या जायच्या. मग शेडमधल्या पट्ट्या आडव्या टाकायच्या आणि त्यांच्यावर फांद्या.

"तू बघितली असेल ना, ती पुली?"

"हो, बघितली," एवढंच म्हणालो. फोन ठेवून मी तसाच पायरीवर बसलो. मी आलो होतो हिवाळ्यात, सण होऊन गेल्यावर, त्यामुळे मांडव कधी पाहिलाच नव्हता. मावशींना मात्र आल्या दिवशीच दिसलं असणार. ज्या पट्ट्यांवर त्यांच्या नवऱ्याने फांद्या टाकल्या, त्याच पट्ट्या मी खिळे मारून छत बंद करायला वापरल्या होत्या. आणि त्या माझ्यासाठी चहा ठेवायला गेल्या.

त्या ओट्याशी लसूण सोलत होत्या.

"मावशी, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

त्यांनी मान वर केली नाही. कशाबद्दल, असंही विचारलं नाही. "काय सांगायचं? पोराने घर शाकारून दिलं, त्याला म्हणू, उपट?"

"म्हणायचं ना."

"तुझा चेहरा बघितला असतास तर तूही नसतं म्हटलंस." पाकळी वाटीत टाकली. "आणि आता कशाला पाहिजे मांडव? खाणार कोण? मी, तू आणि तो एक ब्रिस्टलचा. आतल्या टेबलावर बसू. देवाला काय, भिंतीतून दिसतं."

"तुम्हाला आत बसायचंय?"

त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "माझ्या वाटणीचा लसूण झाला. उरलेला तू सोल."

त्यांचं उत्तर मला कळलं. सणाला फार दिवस उरले नव्हते. तोवर छत उघडलं नाही तर, ही खोली बांधल्यापासून पहिल्यांदाच, मावशी मांडवाशिवाय राहणार होत्या, आणि त्या आपण होऊन कधीच तक्रार करणार नव्हत्या.

माझी सुट्टी शनिवारी. शनिवारी सकाळी मी शिडी उचलली तर मावशी दारात उभ्या. "आज नाही."

"मावशी, मी थोडाच तेली आहे?"

"तू नसशील. घर तेल्याचं आहे."

शिडी परत ठेवली. मग रोज कामावरून येऊन उजेड असेपर्यंत वर चढायचं, असं सुरू झालं. पट्ट्या उपटताना दोन फुटल्या. स्क्रू निघाले. सिलिकॉन मात्र मीच इतकं मायेने भरलं होतं की सुरीने कापून कापून हाताला फोड आला. पहिली झडप हलली, तेव्हा रंगाचा पापुद्रा सुटल्याचा आवाज आला आणि वरून गार वारा आत शिरला. खाली मावशी पेपर वाचत असल्यासारखं करत होत्या.

दुसरी झडप उचलली तर तिची खालची बाजू माझ्या हातात आली. लाकूड पाण्यात भिजलेल्या पावासारखं झालं होतं. मी वरून फट बंद केली होती, पण स्वयंपाकघरातली वाफ, कुंड्यांचा ओलावा, आमचे श्वाससुद्धा तिथे जाऊन पाणी होत होते, आणि त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. कोकणात पाणी बाहेरून येतं. इथे ते आतूनही येतं, हे मला कुठे ठाऊक.

मी शिडीवरच उभा राहिलो. लाकडाचा भुगा बोटांतून खाली पडत होता.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"कुजलंय, मावशी."

"तू कुजवलंस की आधीच कुजलं होतं?"

"मी."

"बरं. मग खाली ये, पडशील तिथून. आणखी तुझी हाडं कुठे जोडत बसू."

मी दादांना फोन करून सगळं सांगितलं, रविवारची रजा घेतली, आणि रविवारी ते आले. गाडीत सुतारकामाची पेटी, नवीन दोरी आणि एक लांब फळी. मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा होतो. त्यांनी कुजलेला तुकडा बोटांनी चुरला, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सिलिकॉन खूप छान भरला आहे तू," ते म्हणाले. "आमच्या कंपनीत ये. विमानात पाणी नाही येणार." मावशी आतून म्हणाल्या, "त्याला चिडवू नकोस, तो आधीच जेवत नाहीये."

आम्ही दोघांनी कुजलेला भाग कापला, नवा तुकडा बसवायला लागलो. दादा विमानाची आकडेमोड करतात, पण पटाशी हातात आली की माझ्यासारखेच. जोड एकदा सैल झाला, एकदा जास्तच कापला गेला. तिसऱ्यांदा बसला, पण मधला जुना भागही मऊ होता आणि सरसाने धरेना. झडप दोरीने उचलून बघितली तर मधूनच वाकली. खाली मावशींची खुर्ची होती. दादा म्हणाले, "हे डोक्यावर नको. रिस्क आहे." मला वाटलं, झालं, संपलं.

आम्ही आत जाऊन त्यांना सांगितलं. एक झडप उघडेल. दुसरीचा भरवसा नाही.

मावशींनी चष्मा काढून पुसला. "भरवसा नाही तर काढून ठेवा तिला. बाहेर, भिंतीला टेकवून."

"पण मम्मी, मग ते बंद होणार नाही. पाऊस आला तर आठवडाभर..."

"मांडव आहे. पाऊस येतो मांडवात."

मी आयुष्यभर फटी बुजवायला शिकलो होतो. छतात दाराएवढं भोक पाडून ते तसंच ठेवायचं, हे माझ्या हातांना पटत नव्हतं. तरी मी बिजागऱ्या सोडवल्या. आम्ही दोघांनी ती झडप पाळण्यातून मूल उचलावं तशी उचलून बाहेर नेली. शेजाऱ्यांनी त्यांच्या कुंपणाच्या लॉरेलच्या फांद्या कापू दिल्या. उरलेल्या पट्ट्या टाकल्या, फुटलेल्यांच्या जागी बागेतले बांबू. मावशी खाली उभ्या राहून सांगत होत्या, "तिकडे दाट झालं. आकाश दिसलं पाहिजे. अरे, तेवढं नाही, कावळा पडेल आत." त्यांच्या आवाजाला त्या दिवशी धार आली होती, ती मी आधी ऐकली नव्हती.

संध्याकाळी सण लागत होता. अजून पुरता अंधार झाला नव्हता, तेव्हा आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. मावशींनी नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण केलं होतं, आणि गव्हाच्या चिकाचा हलवा. दादांनी हिब्रूत काही म्हटलं, मावशींनी त्यात त्यांचा सूर मिसळला. मला अर्थ कळला नाही. मी वर बघत होतो. फांद्यांच्या मधून राखाडी ढग सरकताना दिसत होते. माझ्या मांडीवर घडी केलेली निळी ताडपत्री होती. शिडी दाराशी लावूनच ठेवली होती. पहिला थेंब पडला की उठायचं, असं मी ठरवलं होतं.

थेंब पडला. माझ्या मनगटावर. मग एक टेबलावर. मी अर्धा उठलो.

"कुठे?" मावशी म्हणाल्या.

"ताडपत्री टाकतो. पाच मिनिटांत होईल."

"कालवणात पाणी पडायला लागलं की आत जायचं, असा नियम आहे. कालवणात पडलं?"

मी वाकून कालवणाच्या भांड्यात बघितलं. "नाही."

"मग बस. ती ताडपत्री खाली ठेव, ताट पुढे घे. मासा गार झाला की वास येतो."

मी ताडपत्री खुर्चीखाली सारली. मावशींनी माझ्या ताटात भात वाढला, त्यावर कालवण, आणि माशाचा मधला तुकडा काटे काढून ठेवला. दादा म्हणाले, "मला कधी काढून नाही दिले काटे." त्या म्हणाल्या, "तू छत मोडलंस कधी?"

पाऊस भुरभुरत राहिला, वाढला नाही. लॉरेलचं एक ओलं पान माझ्या ताटाशेजारी पडलं. मावशींनी मान वर केली, तोंडावर ते पाणी येऊ दिलं, आणि डोळे मिटून घास चावत राहिल्या. मी पण जेवायला लागलो.