सरोजाक्कांनी न सांगितलेलं वाक्य

सरोजाक्का गेल्याचं त्यांच्या भाचीनं फोनवर इंग्रजीत कळवलं. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्यांच्या घरात मराठी बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं...

आमची ओळख कामातली. फोर्कलिफ्ट बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीनं मला चेन्नईला पाठवलं, तेव्हा नुंगंबाक्कमच्या लहानशा ऑफिसचा कारभार त्या बघत. तंजावरकडच्या मराठी घरातल्या; बोलणं जुन्या वळणाचं, हेल तमिळ. मला तमिळ येत नव्हतं. म्हणून गोदामांच्या यंत्रसामग्रीचं प्रदर्शन भरलं, तेव्हा स्टॉलवर मी बोलायचो आणि त्या ते तमिळमध्ये सांगायच्या. एके दुपारी तांदळाच्या गोदामाचे एक मालक आले, सोबत त्यांच्या हमालांचा मुकादम. मी नेहमीचं वाक्य टाकलं, "हे एक यंत्र दहा हमालांचं काम करतं. तेवढी माणसं कमी करता येतील." अक्का बराच वेळ बोलल्या. मुकादमानं काहीतरी विचारलं, मालकांनी मान डोलावली आणि ऑर्डर मिळाली.

काही दिवसांनी मालकांचा फोन आला: आमच्या माणसांना कधी शिकवता? असं काही आम्ही कबूल केलंच नव्हतं. मी अक्कांना विचारलं.

"मीच सांगितले," त्या शांतपणे म्हणाल्या. "यंत्र चालवण्यास तुमचेच हमाल घ्या, आम्ही शिकवतो, म्हणून."

"आणि मी म्हणालो ते?"

"तो मुकादम समोर उभा होता. त्याच्या तोंडावर ते कसे सांगायचे?"

पुण्याचे साहेब चिडले. अक्कांना काढा, म्हणाले. मी त्यांची बाजू घेतली. तत्त्व वगैरे नव्हतं, त्यांच्यावाचून ऑफिस चाललं नसतं. शेवटी शिकवण्याचं अक्कांनीच रविवारी जमवायचं, असं ठरलं. मेकॅनिक यंत्र दाखवायचा, त्या समजावून सांगायच्या. चार हमाल शिकले. बाकीच्यांतल्या काहींचं काम नंतर गेलंच. अक्कांनी ते कधी नाकारलं नाही. "चौघे तरी राहिले," एवढंच म्हणायच्या...

गेल्या आठवड्यात बातमी सांगायला त्या गोदामात गेलो. चौघांपैकी मुरुगन पोत्यांच्या थप्प्यांमधून फोर्कलिफ्ट घेऊन येत होता. वळणावर त्यानं ती पूर्ण थांबवली, हॉर्न दिला, वाट पाहिली. पलीकडे कुणीच नव्हतं. कशासाठी थांबलास, मी तोडक्यामोडक्या तमिळमध्ये विचारलं.

"शिकवताना अक्का इथंच आडोशाला उभ्या राहायच्या," तो म्हणाला. "दिसायच्या नाहीत."

आणि सावकाश वळण घेऊन तो पुढे गेला.