निडीच्या बांधावर माझा भाऊ

जानेवारीतल्या एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला बोलावलं आणि एक पाकीट हातात दिलं. आमच्या चर्चच्या पत्त्यावर आलं होतं, वर नुसतं ‘सतीश यांच्या बहिणीला’ असं लिहिलेलं. आत वहीच्या पानावर सात-आठ ओळी. सतीश श्रावणात वारले. आजारी होते. आम्ही आमच्या जागेत त्यांना माती दिली. पेटीत हा पत्ता आत्ता सापडला. एकदा येऊन जा. खाली नाव हिरामण, गाव निडी, तालुका रोहा, आणि फोन नंबर.

सतीश माझा धाकटा भाऊ. त्याच्याशिवाय मला कुणीच नाही. लग्न केलं नाही, आईबाबा जाऊन वीस वर्षं होतील. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी, आमच्या चर्चचं महिला मंडळ आणि दोन खोल्यांचं घर, एवढंच. तरीही अकरा वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते. ते पुढे सांगते.

घरी पोचेपर्यंत मी ठरवलं होतं, त्याला पुण्याला आणायचं. आमच्या दफनभूमीत आईबाबांच्या शेजारी जागा आहे. सरकारी परवानगीसाठी लागणारा अर्ज पाळकसाहेबांनी लिहून दिला, तो मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेतला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघाले. एवढा लांबचा प्रवास मी एकटीने कधी केला नव्हता. म्हणून वाटेची माहितीही सांगत जाते, माझ्या वयाच्या एखादीला उपयोगी पडेल.

स्वारगेटहून अलिबागला जाणारी एसटी खोपोलीवरून पेणला येते. सकाळी निघालं की जेवणाच्या वेळेपर्यंत पेण. घाट उतरला की हवा बदलते, अंगाला चिकटायला लागते. स्वेटर पिशवीत वरच ठेवा. स्टँडजवळ लॉज आहेत. मला मिळालेली खोली साधी पण स्वच्छ होती, खाली खानावळ. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मागवलं. वाल इथे भातानंतरच्या ओलीवर पिकतो आणि हाच त्याचा हंगाम. वाढणाऱ्या बाईंनी आणखी कोणी यायचंय का विचारलं, मी नाही म्हटल्यावर समोरचं ताट उचलून नेलं. त्यांनी सहजच नेलं, पण पुढचा घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

पेणला मी खरं तर तासभरच थांबणार होते. रात्रीचा मुक्काम केला. पुढे जायची भीती वाटत होती, दुसरं कारण नाही. दुपारभर गणपतीच्या कारखान्यांच्या गल्ल्यांतून फिरले. फेब्रुवारीतही काम चालू असतं, पांढऱ्या मूर्तींच्या रांगा दाराबाहेरपर्यंत. एका कारखान्यात एक वयस्क कारागीर डोळ्यांची आखणी करत होते आणि एक व्यापारी त्यांच्या मागे लागला होता, अजून किती वेळ, अजून किती वेळ. कारागिरांनी ब्रश न उचलता सांगितलं, “घाई असंल तर बिनडोळ्यांचा घेऊन जा.” मला हसू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. कुठून आलात, कशाला आलात, काही विचारलं नाही. मी अर्धा तास तिथे बसले. मूर्तीच्या कारखान्यात बसायची माझी पहिलीच वेळ. बरं वाटलं हे खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पकडली. स्टेशन स्टँडपासून लांब आहे, रिक्षा करावी लागते. गाड्या दिवसातून मोजक्याच, वेळ आधी विचारून ठेवा. एक चुकली की बसून राहायचं. तिकीट मात्र चहापेक्षा फार महाग नाही. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. बसायला सहज जागा मिळाली. समोरच्या बाईंना मी निडी आलं की सांगा म्हणून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलंही. गाडी थांबली, छोटंसं स्टेशन, पलीकडे हिरवी शेतं. मी उठले, दारापर्यंत गेले आणि दांडा धरून तिथेच उभी राहिले. गाडी सुटली. त्या बाई म्हणाल्या, अहो, तुमचं गेलं की. मी म्हटलं, मला रोह्यालाच जायचंय.

रोह्याला कुंडलिका नदीच्या काठाने संध्याकाळी चालायला छान वाटतं. तिथून मिनीडोरमध्ये, म्हणजे सहा सीटच्या रिक्षात, बसून मी धाटावला गेले. सतीश तिथल्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता एवढंच मला कुणाकडून तरी कळलेलं. शिफ्ट सुटत होती. मोटरसायकली, बस, डबे लटकवलेली माणसं. हवेला एक आंबूस वास. मी प्रत्येकाचं तोंड बघत होते, जणू तो अजून त्यांच्यात आहे.

आता ते सांगते. सतीश प्यायचा. पुण्यातली नोकरी दारूमुळेच गेली. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी तो पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिला, काही दिवस राहू का म्हणाला. त्याच वेळी माझ्या घरात महिला मंडळाची प्रार्थनासभा चालू होती. बारा बायका बसलेल्या. विषय होता शेजाऱ्यावर प्रीती, आणि बोलणार मी. त्याच्या तोंडाला वास येत होता. मी दार पुढे ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हटलं, “आत्ता नको. नंतर ये.” तो बरं म्हणाला. मी आत जाऊन बोलले. चांगलं बोलले, सगळ्यांनी तसं सांगितलं. तो नंतर आला नाही, आणि मीही शोधलं नाही. चिडण्याचं निमित्त मला सोयीचं होतं: तो देवापासून दूर गेलाय, असं मी सगळ्यांना सांगत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोह्याहून रिक्षा केली. हिरामणदादांना फोन करून ठेवला होता, ते रस्त्यावर येऊन उभे होते. साठीच्या आसपासचे, सडपातळ. माझी पिशवी त्यांनी मागितली नाही, सरळ घेतली. घरी पोचल्यावर आत आवाज दिला, “चाय ठेव गो, ताई आल्या.” त्यांच्या बायको बेबीताई बाहेर आल्या, माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “नाक तसंच हाय.”

घराला लागून एक खोली होती, ती सतीशने भाड्याने घेतली होती. नऊ वर्षं तो तिथे राहिला. चहा पिताना दोघांनी मिळून सगळं सांगितलं. लावणीच्या दिवसांत तो कंपनीत सुट्टी टाकून यांच्या शेतात उतरायचा. पहिल्या वर्षी त्याने लावलेली रोपं सकाळी पाण्यावर तरंगत होती. हिरामणदादांचा पाय मोडला तेव्हा महिनाभर गोठा त्याने सांभाळला. मी विचारलं, दारू सुटली होती का? बेबीताईंनी नवऱ्याकडे बघितलं. “नाय सुटली,” त्या म्हणाल्या. “कमी झालेली. पण घरात कधी वाईट शब्द काढला नाय.”

मग लिव्हर गेलं. काम सुटलं. तेव्हापासून भाडं कधी घेतलं नाही, असं हिरामणदादांच्या बोलण्यात ओघाने आलं आणि त्यांनी लगेच विषय बदलला. बेबीताई त्याला पेज भरवायच्या, शेवटी शेवटी अंग पुसून द्यायच्या. बहिणीला कळवू का असं त्यांनी अनेकदा विचारलं होतं. तो म्हणायचा, तिला तिची कामं असतात. रागाने म्हणायचा का, असं मी विचारलं. “नाय ओ. कौतुकानं सांगायचे. माझी ताय देवळात भाषण करते म्हणून.”

तो गेला तेव्हा पाऊस थांबत नव्हता. आमच्यात माती देतात हे त्यांना त्याच्याकडूनच ठाऊक होतं. पण कुठे द्यायची, ख्रिस्ती दफनभूमी कुठे आहे, गावात कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणालं दहन करून टाका, कोण विचारायला येणार आहे. हिरामणदादा पोलीस पाटलांकडे जाऊन बोलून आले आणि आपल्या शेताच्या वरच्या अंगाला, बांधाजवळ, जागा दिली.

आम्ही तिघं तिथे गेलो. भात काढलेल्या शेतात वाल गुडघ्याइतका वाढला होता, शेंगा धरल्या होत्या. बांधाशी जांभ्याचे दगड लावून चौकोन केलेला. डोक्याशी लाकडाचा क्रूस, आडवी पट्टी जरा तिरकी. त्याच्यापुढे झेंडूची सुकलेली माळ. दसऱ्याला घरच्या सगळ्या देवांना घातली तशी त्यालाही घातली, बेबीताई म्हणाल्या, चाललं ना?

मी चाललं म्हटलं. प्रार्थना करायला म्हणून डोळे मिटले आणि शब्द येईनात. दुसऱ्यांच्या घरच्या दुःखात मी किती सहज प्रार्थना करते, लोक मुद्दाम बोलावतात. तिथे एक ओळ येईना.

बेबीताईंनी विचारलं, “आम्ही म्हटलं होतं ते म्हणू काय?”

मला समजलं नाही. त्यांनी सांगितलं, सतीश रोज शिफ्टला निघण्याआधी एक प्रार्थना म्हणायचा. मधली भिंत कुडाची, सगळं ऐकू यायचं. नऊ वर्षांत त्यांना ती पाठ झाली. माती देताना म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनीच म्हटली. पदर डोक्यावर घेऊन त्या पुन्हा म्हणाल्या. प्रभूने शिकवलेली आमची तीच प्रार्थना. मधल्या दोन ओळी गाळलेल्या, आणि पित्याच्या ठिकाणी बाबा. हिरामणदादा हात जोडून शेताकडे बघत होते. मी खाली बसले आणि रडले. देवापासून दूर कोण होतं, ते मला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

घरी परत आल्यावर मी अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला. हिरामणदादांनी तो सावकाश वाचला, तुमचा माणूस हाय, न्यायचा तर न्या, मी पंचायतीत येतो म्हणाले. बेबीताईंनी अर्ज हातात घेतला, परत खाली ठेवला. मग विचारलं, “तिथं त्यांच्याकडं जाणारं कोण हाय?”

मी आहे, असं म्हणायला तोंड उघडलं. माझं वय त्रेसष्ट. आईबाबांच्या थडग्यावर मी वर्षभरात गेले नव्हते. इथे रोज कोणीतरी बांधावरून जातं, येतं, वाल खुडताना त्याच्याशी बोलतंही. मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

मी त्यांची क्षमा मागितली. खरं तर त्यांनी क्षमा करावी असं काही नव्हतं, ज्याची मागायची तो बांधावर होता. हिरामणदादा गोंधळले आणि जेवून जा म्हणाले. जेवले. माझ्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढताना बेबीताईंनी मला अगं म्हटलं, आणि दोघींच्याही ते लक्षात आलं.

परतीला निडीहूनच गाडीत बसले. सरळ पनवेलपर्यंत जाता येतं, तिथून पुण्याच्या भरपूर गाड्या. पेण गेलं, जिते गेलं. खिडकीशी बसून मी पुन्हा प्रार्थना करून बघितली. मोठी काही झाली नाही. देवा, त्यांना सांभाळ, एवढंच.

घरी येऊन तीन आठवडे झाले. घर आधीसारखंच रिकामं आहे. प्रवासाने ते भरलं असं लिहिलं तर खोटं होईल. महिला मंडळात यापुढे मी बोलणार नाही असं सांगितलंय, आजारी सभासदांकडे डबा पोचवायचं काम मागून घेतलंय. ते मला अजून नीट जमत नाही. काय बोलावं सुचत नाही, म्हणून भांडी घासून येते.

दर शनिवारी बेबीताईंचा फोन येतो. वालाचं काय झालं, म्हैस व्याली का, असं बोलणं असतं. सतीशचं नाव निघतंच असं नाही. परवा त्यांनी विचारलं, काय जेवलात. मी म्हटलं, आमटी-भात. खरं म्हणजे सकाळपासून दोन बिस्किटं खाल्ली होती. फोन ठेवला. मग उठले, तांदूळ धुतले आणि कुकर लावला.