अठ्ठेचाळीस फेकी

सुनीती नागपूरची. कॉलेजात संख्याशास्त्र शिकली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी मिल्टन कीन्सला आली. इथे जो तो गाडीने फिरतो. ही मात्र रेडवेने, म्हणजे पायी आणि सायकलने जाणाऱ्यांच्या वाटेने, पंचवीस मिनिटं चालत ऑफिसला जाते, डब्यात पोळी-भाजी आणि बुटांची एक जास्तीची जोडी घेऊन.

ऑफिसचं काम ऐकायला विचित्र वाटतं. अमेरिकन फुटबॉलचे व्हिडिओ बघायचे आणि खेळाडूंची पारख करायची. नाव फुटबॉल असलं तरी खेळ बराचसा हाताने फेकण्याचा. फेकणारा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. त्याला किती वर्षं ठेवायचं, किती पैसे द्यायचे, हे ठरवायच्या आधी तिकडचे क्लब अशा कंपन्यांकडून अहवाल मागवतात. सुनीती नऊ वर्षं हेच करते आहे. एकेक फेक चार-चारदा मागे नेऊन बघते आणि मगच नोंद करते.

तीन वर्षांपूर्वी तिने अडीच महिने खपून एक अहवाल तयार केला. तिचा साहेब अंबरीश, पुण्याचा, वयाने तिच्याहून आठ वर्षांनी लहान. त्याने पहिल्या पानावरचं तिचं नाव काढून आपलं घातलं, आणि त्याच अहवालाच्या जोरावर विभागाचा हेड झाला. तेही एक वेळ तिने गिळलं असतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, वीस माणसांदेखत तो म्हणाला, “सुनीतीताई आमच्याकडे नुसत्या बरोबर-चूकच्या खुणा करतात. डोकं चालवायचं काम आमचं.” लोक हसले. मी, तिची इथली मैत्रीण, तिच्या मागेच ताट घेऊन उभी होते. तिने वरण वाढून घेतलं आणि पुढे गेली. परतताना माझ्या गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, “याला मी सोडणार नाही.”

मी रोज देवापुढे बसते तेव्हा ओळखीच्या सगळ्यांचं भलं मागते. त्या दिवसापासून अंबरीशचं नाव घेणं मी बंद केलं.

यंदा मार्चमध्ये तिला संधी मिळाली. एका अमेरिकन क्लबचा तेवीस वर्षांचा क्वार्टरबॅक होता, केलन रोर्क. दोन वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकाने घेतलेला पोरगा यंदा पार ढेपाळला होता. त्याला चार वर्षांचा करार द्यायचा की नारळ, हे क्लबला ठरवायचं होतं. सुनीतीने त्याच्या चारशे फेकी बघून नोंदवल्या. त्यातल्या दोनशे सोळा आपल्या माणसाच्या हातात पडल्या होत्या. अंबरीशने व्हिडिओ न उघडता नुसता तक्ता बघितला आणि लिहून टाकलं की शंभरातल्या चोपन्नच फेकी लागतात, हात कच्चा आहे, सोडून द्या.

पण त्या तक्त्यात अठ्ठेचाळीस फेकींपुढे सुनीतीने ‘मुद्दाम बाहेर’ असं लिहिलं होतं. दोन धिप्पाड गडी अंगावर येताहेत, आपला कोणीच मोकळा नाही, अशा वेळी शहाणा क्वार्टरबॅक बॉल जाणूनबुजून रेषेबाहेर टाकतो. त्यात संघाने मैदानात कमावलेली जागा जात नाही की बॉल शत्रूच्या हाती लागत नाही. अंबरीश पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेला. सीमेवरून केलेला थ्रो विकेटकीपरकडे आला नाही म्हणजे वाया गेला, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याने त्या अठ्ठेचाळीस सरळ चुकांत धरल्या. त्या वगळल्या तर पोरगा शंभरात एकसष्टवर जात होता. शिवाय बावीस बॉल झेलणाऱ्यांनीच हातातून सोडले होते.

सुनीतीला हे मंगळवारीच कळलं. क्लबबरोबर मीटिंग गुरुवारी होती. बुधवारी अंबरीशने अहवाल क्लबकडे पाठवूनही दिला. पाठवण्याआधी तिच्या टेबलापाशी येऊन त्याने विचारलं होतं, काही बघायचं राहिलंय का. तिने मान हलवून नाही म्हटलं.

बुधवारी संध्याकाळी तिने मला हे सांगितलं. “अगं, आणि त्या पोराचं काय?” मी विचारलं.

“त्याचं उद्या सरळ होईल,” ती म्हणाली. “मी तीन वर्षं थांबले. त्याने एक दिवस थांबायचं.”

गुरुवारी स्क्रीनवर क्लबची चार माणसं होती. अंबरीशने वीस मिनिटं झोकात भाषण केलं. सुनीतीने त्याला मध्ये कुठेच अडवलं नाही. शेवटी कोणाला काही विचारायचंय का, असं म्हटल्यावर तिने हात वर केला आणि त्या अठ्ठेचाळीस फेकी कशात धरल्या, असं विचारलं. वाया गेलेला बॉल तो वायाच, अंबरीश हसून म्हणाला. तिकडचा म्हातारा कोच खुर्चीत पुढे सरकला. सुनीतीने व्हिडिओ लावले, एकामागून एक, बारा. सातव्यापर्यंत अंबरीशचा चेहरा उतरला होता. हा हिशोब कोणी केला, कोचने विचारलं. “फेकी मी बघितल्या,” सुनीती म्हणाली, “हिशोब यांनी केला.”

मग तिने आपलं मत सांगितलं. पहिला गडी मोकळा नसेल तर पोरगा दुसऱ्याकडे उशिरा बघतो, डावीकडचे बॉल उंच जातात. चार वर्षांचे मोठे पैसे देऊ नका, पण सोडूही नका. त्याला वाचवायला पुढे दणकट गडी उभे करा आणि मध्यम रकमेवर दोन वर्षं ठेवा. क्लबने तेच केलं.

मीटिंगनंतर अंबरीश जिन्यात तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“ताई, आधी सांगता आलं असतं तुम्हाला.”

“आधी सांगितलं असतं तर ते तुमच्या नावाने गेलं असतं.”

ती डबा खायला गेली.

पुढच्याच आठवड्यात क्लबने अंबरीशचे जुने सगळे अहवाल पुन्हा तपासून मागितले आणि तपासणारी म्हणून सुनीतीचंच नाव दिलं. एकूण चौदा आहेत. तीन झाले. तिन्हींत चुका निघाल्या, आणि प्रत्येक चूक ती व्हिडिओ, मिनिट आणि सेकंदासकट वर कळवते, कॉपी अंबरीशला. नवरा म्हणतो, झालं तेवढं पुरे. मंडळातले काहीजण मला म्हणतात, तुझं ऐकेल ती, तू समजाव.

मी समजावलेलं नाही. परवा रेडवेवरच्या बाकावर भेटली तेव्हा मी फक्त विचारलं, अजून किती दिवस लागतील? बूट बदलता बदलता ती म्हणाली, “अकरा राहिलेत. घाई करणार नाही मी.”